दत्ता सुर्वेचं खिम्याचं मशीन

दुकानाबाहेर बाक ठेवू नये, हा माझा नव्या दुकानदारांना सल्ला आहे. बाक ठेवला की माणसं बसतात, बसली की बोलतात, आणि उठून घरी गेली तरी त्यांचं बोलणं तिथेच पडून राहतं. रत्नागिरीत रामआळीच्या मागच्या गल्लीत माझं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. फळीवर विकायला हातानं फिरवायची मशीनं असतात. शेवयांचं, पुरणाचं, खिम्याचं. आजवर जेवढे मिक्सर दुरुस्त केले, त्याहून जास्त किस्से त्या बाकावर जमलेत. त्यातले दत्ता सुर्वेच्या मशीनचे सगळ्यांना आवडतात. लोक पोट धरून हसतात. मला आताशा हसू येत नाही. तरी सांगतो, कारण मी सांगितलं नाही तर दुसरे सांगतात, आणि शेवट गाळून सांगतात.

बाकावर कायमचे दोघेच. एक हा दत्ता सुर्वे, माझा शाळेपासूनचा दोस्त. बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वैपाकी होता, शेवटची काही वर्षं चीफ कुक. रिटायर होऊन घरी आला आणि करायला काही उरलं नाही. दुसरे जोशी मास्तर. हेसुद्धा रिटायर. शाळेत विज्ञान शिकवायचे. आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही.

तर एक दिवस दत्ता बाकावरून उठून आत आला आणि म्हणाला, "बाळ्या, एक खिम्याचं मशीन दाखव. घरी सॉसेज करायचे हायत."

इथून सगळं सुरू झालं.

*

मी फळीवरचं पहिलं मशीन काढून दिलं. गिऱ्हाईक सहसा हॅंडल फिरवून बघतं आणि "कितीला?" विचारतं. दत्तानं ते टेबलावर ठेवलं, पुढची चकती सोडवली, जाळी काढली, चार पात्यांचं सुरीचं फूल काढलं, आतला स्क्रू काढला. मग ते पातं जाळीवर टेकवून दोन्ही डोळ्यांसमोर धरलं आणि ट्यूबलाईटकडे बघायला लागला.

"काय बघतोस?"

"उजेड. पातं आणि जाळी यांच्या मधून उजेड दिसला तर मशीन बाद. मांस कापलं जात नाय, चेंगरतं. चेंगरलं की चरबी सुटते, आणि सॉसेज भाजला की नुसता भुसा!"

उजेड दिसला. दुसरं काढलं, दिसला. तिसऱ्याला जाळी वाकडी. चौथ्याचा कल्हईचा थर आत फुगे धरून बसलेला. पाचवं चकचकीत होतं, मला वाटलं हे जाईल. त्यानं नखानं खरवडलं आणि परत दिलं. "अॅल्युमिनियम. मांस काळं पडंल."

तेवढ्यात लांज्याहून एक बाई आल्या. त्यांना खिम्याचंच मशीन हवं होतं. मी ते पाचवं चकचकीत पुढे केलं. दत्ता बाजूलाच उभा. त्याला गप्प राहता येईना.

"ताई, घेऊ नका. ह्यात खिमा नाय होत, चटणी होते!"

बाईंनी मशीन खाली ठेवलं, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शेठ, ह्यांना दुकानात बसवा आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा."

आणि गेल्या हो! एकही मशीन विकत न घेता लांज्याला परत गेल्या.

*

दोन दिवसांनी जोशी मास्तर एक फुलस्केप कागद घेऊन आले. रेघा मारून, रकाने पाडून. बिडाचं मशीन, स्टीलचं मशीन, विजेचं मशीन. फायदे, तोटे. मास्तरांनी इंटरनेटवर बसून दोन दिवस अभ्यास केला होता.

"सुर्वे, ऐका. बीड टिकाऊ, पण आपल्या खाऱ्या हवेत गंज धरणार. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात द्यावा लागेल. स्टील उत्तम. विजेचं घ्यायचं तर आतली चाकं धातूची हवीत, प्लॅस्टिकची नकोत. आणि उलटं फिरवायचं बटण असावं, शिरा अडकतात म्हणे. मापाचा नंबर पाच लहान पडेल, बावीस खाटकाचं. घरासाठी आठ किंवा दहा. मांस अर्धवट गोठलेलं असावं. जाळी साडेचार मिलिमीटर."

मी थक्क झालो. माझा धंदा असून यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. दत्तानं कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला.

"मास्तर, एकपण चूक नाय. सॉसेज लागतो कसा, ठाऊक हाय?"

"छे हो! मला कसं ठाऊक असणार? पण साडेचारच्या जाळीतला चांगला लागेल!"

मी हसलो. दत्ता हसला नाही. त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"बत्तीस वर्षांत कितीतरी कॅप्टन झाले, चीफ इंजिनियर झाले. सगळ्यांनी खाल्लं. कुठल्या जाळीतून काढलं, हे कुणी कधी विचारलं नाय मला. तुम्ही पहिले."

मास्तर म्हणाले, "आठच नंबर घ्या."

*

एका मंगळवारी दुपारी दत्ता नसताना त्याची बायको दुकानात आली. शालिनीवहिनी. हातात पिशवी, पिशवीत मिक्सर.

"भावोजी, एक सांगायचं होतं. त्यांना ते मशीन देऊ नका."

"का हो?"

वहिनी बाकावर बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा जावा म्हणायच्या, "आमच्या घरात बायका रांधतात, हिच्यात नवरा रांधतो!" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. तेव्हापासून वहिनींनी ठरवलं, नवरा कुठे आहे विचारलं की सांगायचं, "मर्चंट नेव्हीत, ऑफिसर." रत्नागिरीजवळ नाचण्याला घर बांधलं तेव्हा शेजाऱ्यांना तेच सांगितलं. निनादला, म्हणजे मुलाला, शाळेत घालताना फॉर्मवर तेच लिहिलं. निनाद तेच सांगत मोठा झाला. आता तो बॅंकेत आहे, त्याच्या लग्नाचं बघायचंय.

"आता मागल्या दारी बसून हे आतडी भरणार, आणि बघणारे काय म्हणतील? ऑफिसर असा असतो?"

मला राग आला. त्या घराच्या पायापासून स्लॅबपर्यंत सगळं दत्तानं डाव फिरवून उभं केलेलं. मुलाचं कॉलेज, वहिनींच्या पाटल्या, दारातली ती मोठी पाटी, "द. रा. सुर्वे, मर्चंट नेव्ही," सगळं. आणि त्यालाच त्या घरात खिमा करायला चोरी! पण दुसऱ्याच्या बायकोला काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर जावांचं ते हसणं मीही ऐकलेलं होतं.

वहिनी जायला निघाल्या. पायरीवरून वळून म्हणाल्या, "आणि हा मिक्सर तेवढा बघा. जळलाय."

"कसा काय?"

"त्यांनीच जाळला. घरातलं रोजचं वाटण तेच करतात ना!"

*

निनाद वाईट मुलगा नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक त्याला शिव्या घालतात. बाप रोज दुकानात जाऊन मशीनं सोडवत बसतो हे त्याच्या कानावर गेलं, तेव्हा त्यानं ऑनलाईन एक विजेचं मशीन मागवलं. पांढरंशुभ्र, गुबगुबीत. बापाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाबा, आता दुकानात जाऊन बसायची गरज नाही. घरात बसून करा काय ते."

दत्ता खूश! मास्तरांना फोन केला, "उलटं फिरायचं बटण हाय!"

मटण आणलं, अर्धवट गोठवलं, शिरा काढल्या, मशीन लावलं. पहिल्या ताटाला ठीक चाललं. दुसऱ्याला आतून कडाकडा आवाज आला आणि थांबलं. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर. उघडून बघतो तर आतलं दातेरी चाक प्लॅस्टिकचं, निम्मे दात साफ. मास्तरांचा कागद आठवला.

वॉरंटी होती. निनादनं मोबाईलवर तक्रारीचा फॉर्म उघडला. नाव, पत्ता, काय झालं, सगळं भरलं. मग एक रकाना आला, मशीन कोण वापरत होतं.

निनादनं वर बघितलं. बाप समोर, मी समोर. मग त्यानं लिहिलं, "घरकामाची बाई."

"अरे?" मी म्हणालो.

"काका, फॉर्मच आहे. कोण वाचतंय?"

खाली गिऱ्हाईकाची सही लागत होती. मशीन बापाच्या नावावर मागवलेलं. निनादनं फोन पुढे केला. दत्तानं चष्मा लावला, वरचं सगळं वाचलं, आणि बोटानं काचेवर सही केली.

*

शेवटी मी हट्टाला पेटलो. ओळखीच्या माणसाकडून आठ नंबरचं बिडाचं मशीन मागवलं, जाड कल्हईचं, सुटी जाळी दोन, सॉसेज भरायची नळी वेगळी. दत्तानं सोडवलं, पातं जाळीवर टेकवलं, ट्यूबलाईटकडे धरलं. एवढा तर मी दहावीच्या निकालाला घाबरलो नव्हतो.

"बाद?"

"पास!"

बाकावर बसून आम्ही तिघांनी चहा प्यायला.

आता हे मशीन घरात बसवायचं कुठे? ते टेबलाच्या कडेला आवळून बसवावं लागतं. स्वैपाकघरातला ओटा ग्रॅनाईटचा, कड जाड, पकड बसेना. बसली असती तरी चाललं नसतं, कारण ओट्यावर देवाचा नैवेद्य होतो. त्यांच्यात वशाट, म्हणजे मटण-मासळी, मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच आहे, त्यात वहिनींचं काही चुकत नाही. जेवायचं टेबल काचेचं. शेवटी पडवीतलं एक जुनं लाकडी टेबल सापडलं. दत्तानं त्याला मशीन बसवलं, खोबरेल तेलाचा हात दिला, वर मलमलचं फडकं घातलं. शिमगा तोंडावर आला होता. देवाची पालखी घरी येऊन जाईपर्यंत घरात वशाट नाही. त्यामुळे मशीन कोरंच राहिलं. दत्ता रोज सकाळी जाऊन फडकं उचलून बघायचा.

पालखी यायच्या दिवशी तो नारळ आणायला बाजारात गेलेला. वहिनी आंघोळीला. शेजारच्या काकू पुरणपोळ्यांना मदत करायला आल्या होत्या. डाळ शिजलेली, गूळ घातलेला, आणि पुरण वाटायला काही सापडेना. पडवीत आल्या, फडकं उचललं आणि न्हाणीघराकडे तोंड करून वहिनींना म्हणाल्या, "अगं बाई, नवं पुरणयंत्र! सांगितलं नाहीस!"

दत्ता परत आला तेव्हा सगळं पुरण वाटून झालेलं. मऊसूत. पालखी आली, नाचली, नैवेद्य दाखवला, लोक जेवून गेले. संध्याकाळी दत्ता मशीन धुवायला गेला तर वहिनींनी आधीच धुवून, पुसून, देवघराच्या शेजारच्या कपाटात ठेवलं होतं.

"ज्याच्यात देवाच्या पालखीचं पुरण वाटलं, त्यात आता वशाट घालायचं नाही. पाप लागंल."

दत्ता सांगतो, हे बोलताना तिचा चेहरा असा फुलला होता की लग्नातसुद्धा तसा बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर येऊन बसला. मास्तरांना म्हणाला, "मास्तर, तुम्ही ब्राह्मण. शास्त्र काय म्हणतं सांगा."

मास्तरांनी बराच वेळ विचार केला.

"सुर्वे, शास्त्रात खिम्याच्या मशीनचा उल्लेख नाही."

ते मशीन आजही त्या कपाटात आहे. शिमग्याला निघतं. काकू दरवर्षी म्हणतात, असलं पुरणयंत्र रत्नागिरीत मिळत नाही!

*

दुसरं मशीन मी त्याच्यासाठी आणलं आणि त्याच्या घरी पाठवलंच नाही. माझ्या दुरुस्तीच्या टेबलाला बसवून टाकलं. टेबल सागवानी, कड बेताची, पकड एका वळशात बसली. एका रविवारी सकाळी शटर अर्धं खाली ओढलं आणि दत्ताला म्हटलं, "कर आता."

तो येताना घडी घातलेला पांढरा कोट घेऊन आला. जहाजावरचा. बटणं पोटावर लागत नव्हती, तरी लावली. खांद्याचं मटण, वेगळी काढलेली चरबी, बर्फाचा डबा. खाटकाकडून आणलेली बकऱ्याची आतडी नळाखाली धरून आतून पाणी सोडलं, मिठात घोळवून परत धुतली. मिरी कुटली, जायफळ किसलं, लसूण ठेचला. आणि मी बघतच राहिलो. बाकावर कुबड काढून बसणारा दत्ता कुठे गेला, कळेना. मान ताठ, आवाज चढलेला!

"बाळ्या, पातं उलटं लावलंस मेल्या! सपाट बाजू जाळीकडं! एवढं पण कळत नाय आणि दुकान काय चालवतोस?"

माझ्या दुकानात मला शिव्या! मी निमूट पातं फिरवलं.

हॅंडल फिरवायला माणूस हवा होता, कारण माझा खांदा धरलेला. मास्तर दारात उभे, नाकाला उपरणं लावून. दत्तानं नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मास्तर आत आले, बाह्या वर केल्या, मान भिंतीकडे वळवली आणि हॅंडल धरलं.

"मी फक्त फिरवतोय, सुर्वे. आत काय आहे ते तुमचं तुम्ही बघा!"

पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेला ब्राह्मण भिंतीकडे तोंड करून मटणाचं मशीन फिरवतोय, हे दृश्य मी पाहिलंय. फिरवता फिरवता विचारतायत, "जाळी साडेचारचीच ना?"

नळीतून सॉसेज बाहेर यायला लागले. दत्ता बोटांनी चिमटा घ्यायचा आणि पीळ द्यायचा, एकाला पुढे, एकाला मागे. माझ्या चहाच्या शेगडीवर तवा ठेवून मंद आचेवर भाजले. मी पहिला घास खाल्ला. आता काय सांगू तुम्हाला? मी मुंबईत खाल्लंय, गोव्यात खाल्लंय. हे निराळंच होतं. मास्तरांनी दुरून वास घेतला आणि म्हणाले, "वास तरी उत्तम आहे."

दत्ता मला खाताना बघत उभा होता.

"घरच्यांनी कधी खाल्लं नाय रे हे. सुट्टीवर यायचो तर तुझी वहिनी म्हणायची, जहाजावरचं काय ते जहाजावर ठेवा. निनादला तर ठाऊकपण नाय, बाप काय करू शकतो."

तिथे मला रडू आलं. लसणावर ढकललं.

*

निनादला अलोऱ्याचं स्थळ आलं. मुलीचे वडील, कदम साहेब, तिथल्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीत राहून तिथूनच रिटायर झालेले. खाण्याचे शौकीन, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. एका रविवारी दुपारी बोलणी करायला ती मंडळी येणार होती.

दत्तानं घरी एकच अट घातली. "सुरुवातीला माझ्या हातचे सॉसेज ठेवायचे." वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठेवा. पण कुणी केले ते सांगायचं नाही."

शनिवारी दिवसभर माझ्या दुकानात मशीन चाललं. रविवारी मी डबा घेऊन त्याच्याबरोबर रिक्षात. मास्तरांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. "जेवणाचं काही नाही हो, खोटं बोलायला मला बोलावू नका," म्हणाले.

रिक्षात दत्ता म्हणाला, "बाळ्या, मी आपणहून काय बोलणार नाय. शालिनीला शब्द दिलाय. पण कुणी विचारलं, हे कुणी केले, तर सांगणार. मीच केले म्हणून सांगणार. आणि विचारणारच रे. चव हाय तर माणूस विचारतोच."

"वहिनी?"

"एकदाच, बाळ्या. आयुष्यात एकदा त्या घरात बसून सांगायचंय. मग मोडलं स्थळ तर मोडू दे."

इतका ठाम मी त्याला कधी बघितला नव्हता. मला वाटलं, आज हा सांगणार. आणि मी आहे बाजूला, मी साक्ष देईन.

पाहुणे आले. कदम साहेब, त्यांची बायको, मुलगी. बोलणी बरी चालली. मुलगी हसतमुख, निनाद तिच्याकडे बघून बघत नसल्यासारखं करणारा. वहिनींनी प्लेटा आणल्या. सॉसेज, वर कांदा, बाजूला लिंबाची फोड.

कदम साहेबांनी एक खाल्ला. दुसरा खाल्ला. बोलणं थांबलं. तिसरा घेतला, डोळे मिटून चावला.

"सुर्वे साहेब, हे कुणी केलंय हो?"

विचारलं! अगदी त्याच शब्दांत विचारलं. दत्तानं हातातली प्लेट खाली ठेवली आणि तोंड उघडलं.

त्याच्या आधी निनाद बोलला. "आम्ही मागवतो, साहेब. बाबांच्या हाताखाली जहाजावर एक कुक होता. आता मुंबईत असतो. तो पाठवतो अधूनमधून."

वहिनींनी मान डोलावली. मी निनादकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. मुलीकडे बघितलं, ती किती आनंदात होती. माझ्या तोंडात घास होता. मी तो चावत राहिलो.

"वा! मग साखरपुड्याला त्यालाच सांगू या," कदम साहेब म्हणाले. खिशातून मोबाईल काढला. "नंबर द्या बघू त्याचा."

निनादनं बापाकडे बघितलं.

दत्ता म्हणाला, "तो गेला."

"गेला म्हणजे?"

"वारला."

"अरेरे! कधी?"

"झाली दोन वर्षं. रिटायर झाला आणि गेला. हे त्याचे शेवटचे."

दोन वर्षांपूर्वीचे सॉसेज कसे टिकले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कदमबाई चुकचुकल्या. कदम साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला, प्लेटमधल्या उरलेल्या सॉसेजकडे बघितलं.

"घरी कोण आहे त्याच्या?"

"हायत की. बायको हाय. एक मुलगा हाय."

"मग त्यांनी नाही शिकून घेतलं?"

"नाय. त्यांना आवडत नव्हतं."

"कमाल आहे," कदम साहेब म्हणाले. "त्यांना आमच्याकडून जरूर कळवा, सुर्वे साहेब. म्हणावं, हाताला चव होती हो माणसाच्या."

दत्तानं लिंबाची फोड उचलली, त्यांच्या प्लेटमध्ये पिळली.

"कळलं त्यांना," तो म्हणाला.